सावलीबंदीचं शेवटचं पान

१४ नोव्हेंबर १९८५, नांदेड

पान आलं. आदिलाबादच्या गाडीच्या गार्डानं गुंडाळी हातात ठेवली तेव्हा दोन वाजून गेले होते. छपाईचे ठसे करणारा ब्लॉकवाला पाचला कुलूप लावतो. छापखान्याच्या दारातच दोरा सोडला — आणि उभाच राहिलो.

एकही चेहरा नाही. पाच उभ्या, अरुंद चौकटी, शेजारीशेजारी, आणि सगळं वरून पाहिलेलं. घार पाहते तसं. चौक, पायऱ्या, पायऱ्यांच्या टोकाला खुर्ची. माणसं म्हणजे नुसते डोक्याचे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला त्याची सावली. एका चौकटीत दोनशे तरी असतील. एकही सावली उरकून टाकलेली नाही.

सत्त्याण्णव आठवडे आमच्या साप्ताहिकात ‘सावलीबंदी’ ही चित्रकथा चालली. गोष्ट माझी, चित्रं डोमाजीची. जरीबसाहेबाचं राज्य. जमीन चुन्यानं आखलेली, माणसागणिक एक चौकोन. चौकोनाबाहेर पाऊल टाकायचं नाही, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. म्हणून संध्याकाळी भोंगा झाला की अख्खं शहर खाली बसतं, सावली आखूड राहावी म्हणून. रोज पहाटे त्या रेषा मारणारा चुनेवाला हा आमचा नायक. गेल्या अंकात जरीबसाहेब पळाला आणि लोकांनी चुनेवाल्याला खांद्यावर घेतलं. पुढं काय, ते ठरलं नव्हतं. तेवढ्यात संपादक भगवंतरावांना कावीळ झाली, अंक माझ्या गळ्यात आला, पंधरा दिवस मी इथं. डोमाजीला निरोप धाडला — शेवट तुम्हीच काढा, शब्द मी इथं घालतो.

शब्द घालायला जागाच नाही. पहिल्या चौकटीत खुर्ची रिकामी, आणि पांढऱ्या मुंडाशाचा ठिपका — चुनेवाला — गर्दीत. लांबच लांब सावल्या, एकीत एक मिसळलेल्या. दुसरीत तो गर्दीच्या कडेला. मग पायऱ्यांवर. मग वर. पाचवीत खुर्चीत बसलेला, आणि खाली चौकातल्या सगळ्या सावल्या आक्रसून पायाखाली गेलेल्या. दुपारचं ऊन.

म्हणजे हाच नवा जरीबसाहेब!

दोन वर्षं दर आठवड्याला ही गोष्ट लिहिली, मला हे सुचलं नव्हतं.

एकही शब्द घातला नाही. एरवी मी कागदावर पेन्सिलीनं चौकटींचे आकडे घालून देतो आणि त्यावर डोमाजी काढतो. हा कागद कोराच गेला होता, म्हणून शाईनं आकडे घातले — एक ते पाच. खालच्या कोपऱ्यात कावळ्याच्या पावलासारखी काहीतरी खूण होती, ब्लॉकमध्ये डाग दिसला असता. पांढऱ्यानं झाकली. साडेचारला पान ब्लॉकवाल्याच्या हातात.

२३ नोव्हेंबर १९८५

बावीस पत्रं. मुधोळच्या एका शिक्षकानं लिहिलंय — “अंक वर्गात फिरवला. शेवटच्या पानानंतर पोरं बोलेनात. घंटा झाली तरी उठेनात.”

२ डिसेंबर १९८५, आदिलाबाद

डोमाजी तहसीलच्या कामानं इकडे आला होता, भेटला. म्हटलं, काय शेवट काढलात हो. म्हणाला, “लोकायले भिडला नं? मंग झालं.” आणि सुपारी कातरत बसला. इतकं मोठं काम करून माणूस इतका गप्प कसा राहू शकतो!

२१ जानेवारी १९९७, आदिलाबाद

बस स्टँडच्या भिंतीवर पोस्टर लागलं. नायक मोटरसायकलवर, अंगात चामड्याचं जाकीट, मागं आग. बराच वेळ उभा राहून पाहिलं. मग लक्षात आलं — हा आमचा चुनेवाला.

हैदराबादची कंपनी तीन वर्षांपूर्वी आली होती. दिग्दर्शक तरुण, हुशार वाटला. गुडीहत्नूरला डोमाजीच्या अंगणात मांडी घालून एकेक पान पाहिलं आणि दर पानाला “अद्भुतं, अद्भुतं” म्हणत होता. खोटं नव्हतं ते. डोळे भरले होते त्याचे. आम्ही दोघांनी कागदावर सह्या केल्या, मी मराठीत, डोमाजीनं उर्दूत.

शुक्रवारी लागतोय. भगवंतरावांचा फोन — शनिवारच्या गाडीनं परीक्षण पाहिजे.

२४ जानेवारी १९९७

तीनचा खेळ. हॉल खच्चून भरलेला. कापूस मार्केटमधून माणसं थेट आलेली, केसांना सरकी चिकटलेली.

सुरुवातीला दहा मिनिटं मी श्वास धरून बसलो होतो. भोंगा होतो. मावळतीचं ऊन. चौकात तीन-चारशे माणसं, आणि सगळी एकदम खाली बसतात. आवाज नाही, संगीत नाही. एक म्हातारी गुडघे दुखतात म्हणून हळू बसते आणि तिची सावली रेषेकडे सरकते, सरकते, आणि रेषेच्या बोटभर अलीकडे थांबते. हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. हे डोमाजीचं चौदावं पान. जसंच्या तसं. गुडीहत्नूरच्या एका खोलीत, सर्व्हेच्या कचेरीतल्या टाकानं काढलेलं चित्र पंचवीस फुटी होऊन समोर हललं. बारा-तेरा वर्षं ते पान मला पाठ आहे, तरी खुर्चीत पुढं सरकून बसलो.

मग चुनेवाला मोटरसायकलवर आला.

पुढचं काय लिहायचं. चुन्याच्या रेषांवरून मोटरसायकल उडवली. जरीबसाहेब दर दोन वाक्यांनी हसतो. नायिका जरीबसाहेबाचीच मुलगी. आणि गाणी — सहा! ज्या शहरात संध्याकाळी उभं राहायची बंदी, तिथं भर चौकात संध्याकाळी साठ जणींचा नाच. वर चार बाजूंनी दिवे लावलेले, म्हणून प्रत्येकीला चार चार सावल्या. सावलीवर उभी असलेली गोष्ट, आणि सावलीकडेच कोणाचं लक्ष नाही.

मागच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, “अबे, सावली बंद हाय नं इथं? मंग हा काऊन नाचून राह्यला?”

“गाणं हाय बे. गाण्यात माफ असते.”

मला हसू आलं. माझं परीक्षण याहून नेमकं होणार नाही.

शेवटी लोक नायकाला खुर्चीवर बसवतात. हा खुर्ची उचलून जरीबसाहेबाच्या अंगावर फेकतो, आठ मिनिटं (घड्याळ लावलं होतं) भाषण करतो आणि नायिकेचा हात धरून पायऱ्या उतरतो. शिट्ट्या.

जाकीट चालेल, मोटरसायकल चालेल. पण शेवट? आमच्या गोष्टीत तो खुर्चीत बसतो. ती गोष्ट तेवढ्यासाठीच आहे.

२५ जानेवारी १९९७

परीक्षण गेलं. सहाशे शब्द. पहिल्या दहा मिनिटांचं मनापासून कौतुक केलं, बाकीचं सौम्य शब्दांत.

भगवंतराव फोनवर म्हणाले, “सौम्य नको सुधाकरराव. ‘सावलीबंदी’च्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढतो. ऑफसेटवर, मोठ्या आकारात. पहिल्याच पानावर तुम्हा दोघांच्या सहीचं निवेदन — चित्रपटानं आमचा शेवट बदलला, खरा शेवट हा. अकरा फेब्रुवारीच्या गाडीनं निवेदन आणि मूळ पानं पाठवा. बाराला छपाई.”

मी हो म्हटलं. आनंदानं म्हटलं. ज्या पानानं बोलणारी माणसं गप्प केली ते आता धडपणे, नीट कागदावर छापलं जाईल. आणि डोमाजीकडून पुन्हा काही काढून घेणं आता होणार नाही. काचबिंदूनं त्याचे डोळे गेल्यात जमा आहेत. जे छापलं जाईल तेच कायमचं.

२ फेब्रुवारी १९९७

रविवार. गुडीहत्नूरला जाऊन आलो.

बसमध्ये जुने दिवस आठवत होते. डोमाजी सर्व्हेच्या कचेरीत नक्शानवीस होता — शेतांचे नकाशे काढणारा. मी बातमीसाठी गेलो होतो, टेबलावर एका गावाचा नकाशा होता. त्यात विहिरीशेजारी बाभूळ काढलेली, आणि बाभळीखाली सावली. नियमात बाभूळ बसते, सावली बसत नाही. विचारलं तर म्हणाला, “झाड दाखवलं न सावली नाई दाखवली, तं नकाशा खोटा होते साहेब.” तिथंच ठरवलं, या माणसाबरोबर काहीतरी करायचं. निजामाच्या वेळच्या उर्दू शाळेत शिकलेला. वाचतो उर्दू, नोकरीपुरतं तेलुगू, मराठी फक्त तोंडी. आमचं पहिलंवहिलं पान त्यानं उजवीकडून सुरू केलं होतं! मी हसलो, तोही हसला. तेव्हापासून कागदावर आधी आकडे घालून द्यायची माझी सवय.

अंगणात बाजेवर बसला होता. पावलांवरून ओळखलं. “या सुधाकरराव. जयभीम.”

“जयभीम डोमाजी. सिनेमा पाहून आलो.”

“सांगा मंग. पुरा सांगा. घाई नोका करू, आता तुमचा पेपर उभा नाई डोक्यावर.”

दीड तास सांगत होतो. म्हातारीची सावली बोटभर अलीकडे थांबते, ते सांगितलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. “थांबली नं? रेषेले लागली नाई नं?” दोनदा विचारलं. “बरं केलं पोरानं,” म्हणाला. मग मोटरसायकल आली. कुसुमबाई — डोमाजीची बायको — आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या उंबऱ्यावरच बसल्या. “चुनेवाल्याच्या बुडाखाली फटफटी? त्याले तं पायात वहाण नाई दाखवली आपण!” नाचाचं सांगितलं तेव्हा डोमाजीनं मधेच हात वर केला.

“सावल्या कोन्या बाजूले पडत व्हत्या?”

“चारी बाजूंना. एकेकीला चार.”

इतका हसला की ठसका लागला. “चार सूर्य! म्हंजे त्याईच्या राज्यात उन्हाळा किती असंल!”

मग मी निवेदनाचा मसुदा वाचून दाखवला. पेन पुढं केलं. त्यानं पेन चाचपलं आणि परत माझ्या हातात दिलं.

“सही नाई करत मी.”

“का हो?”

“सिनेमा वाईट हाय, लिवा. माही सही घ्या. नाच वाईट, फटफटी वाईट — सही घ्या. पण त्यानं शेवट बदलला, असं मले लिवता येत नाई.”

“डोमाजी, आपल्याकडे तो खुर्चीत बसतो. ह्यांनी उतरवला.”

“तुमाले तसं दिसलं.”

“मला? सगळ्यांना. मुधोळच्या शाळेत मुलं घंटेला उठली नाहीत.”

“हाव. अथी टपरीवर बी तसंच झालं व्हतं. मास्तर लोक पेपर वाचून राह्यले, सारे गप्प. एकानं घडी करून खिशात घातला. मी उभा व्हतो. म्हनलं, येवढं शिकेल लोक गप्प झाले, मंग आपुन काय बोलाव. मी बी गप्प झालो.”

काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. थकला असेल. किंवा कंपनीच्या कोणी येऊन काही सांगितलं असेल — असा विचार आला, आणि लाज वाटली त्याची.

३ फेब्रुवारी १९९७

निवेदन पुन्हा वाचलं. एक शब्दही चुकीचा वाटत नाही.

६ फेब्रुवारी १९९७

सिनेमा उतरला. दोन आठवडेही नाही. पोस्टरवर दुसरं पोस्टर चिकटवलंय, जाकिटाची एक बाही तेवढी दिसते.

भगवंतराव विचारतात, सही झाली का. म्हटलं, होईल. नाहीच झाली तर? “तर तुमच्या एकट्याच्या सहीनं. गोष्ट तुमचीच आहे ना.” आहे. पण ते पान माझं नाही.

९ फेब्रुवारी १९९७

पुन्हा गुडीहत्नूर. मूळ पानं आणायची होती.

कुसुमबाईंनी ट्रंक उघडली. कडुलिंबाचा पाला, त्याखाली धुतलेल्या लुगड्यात गुंडाळलेली सगळी पानं. एकाही पानाचा कोपरा दुमडलेला नाही. बाजेवर एकेक ठेवत गेलो. डोमाजी शेजारी बसून नुसत्या बोटांनी कडा चाचपायचा आणि सांगायचा — “हे भोंग्याचं.” “हे चुन्याच्या भट्टीचं, इथं शाई जाड हाय.” पन्नासेक पानं पाहिली. एकदाही चुकला नाही. डोळे असताना मी जे पाहिलं नाही ते हा डोळे गेल्यावर बोटांनी पाहत होता. मी एकेक पान देत राहिलो.

शेवटचं पान आलं. त्यावर हात नुसता ठेवला. फिरवला नाही.

म्हटलं, “डोमाजी, परवा छापायला जातंय. तुमच्या मनात काही असेल तर आत्ता सांगा. नंतर मला बदलता येणार नाही.”

“मी सांगन तं तुमी माहं ऐकान. उपयोग नाई त्याचा. तुमी पाहा. त्या नाचनारनींच्या सावल्या तुमी मोजल्या. ह्या पानावरच्या कोन्या बाजूले पडतात, सांगा? न पाहता.”

मला सांगता येईना. अकरा वर्षांत शंभर वेळा तरी पाहिलं असेल हे पान. सावल्या लांब आहेत, आखूड आहेत, एवढंच आठवतं. कोणत्या बाजूला?

“नक्शा हातात आला की वाचत नसतात,” तो म्हणाला. “आंधी जमिनीवर बसवा लागते. आमच्या उस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं. बसवल्याबिगर वाचला तं मानूस दुसऱ्याच्या वावरात जाते.”

ट्रंक लावता लावता कुसुमबाई म्हणाल्या, “भाऊजी, त्या कोपऱ्यात तुमी पांढरं लावलं तवा, ते तसंच हाय. मी एक डाव म्हनलं, ओल्या फडक्यानं पुसू का. तं यायनं माहा हात धरला. म्हने, सुधाकररावानं लावलं ते काही पाहूनच लावलं असंल. शिकेल मानूस हाय.”

“पुसायचं नाई, असं म्हनलो नाई मी,” डोमाजी म्हणाला. “तू पुसू नोको म्हनलो.”

सगळी पानं पुठ्ठ्यात बांधून आणली. बसमध्ये मांडीवर धरून बसलो होतो, उभ्या माणसाचा धक्का लागू देत नव्हतो.

१० फेब्रुवारी १९९७

कोपऱ्यातलं पांढरं. मला आठवतही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीचं त्या दिवसाचं पान काढून वाचलं — “कावळ्याच्या पावलासारखी काहीतरी खूण.” ब्लॉकवाला पाचला कुलूप लावत होता, खरं आहे. पण पाचला अर्धा तास उरलाय एवढ्यासाठी एक खूण झाकली, आणि पुन्हा कधी डोमाजीला विचारलंही नाही.

११ फेब्रुवारी १९९७

पानं न देताच गाडी जाऊ दिली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. संध्याकाळी भगवंतरावांना फोन केला — निवेदन नाही, आणि शेवटचं पान मी दिल्याशिवाय छापू नका, आकडे खोडायचे आहेत.

दुपारी ब्लेडनं पांढरं खरवडलं. एक बाण निघाला. वर तोंड केलेला, तीन पिसांचा, आणि टोकाशी उर्दूतलं ‘शीन’ अक्षर. शुमाल. उत्तर. तहसीलच्या प्रत्येक नकाशावर असतो तो.

पाच वाजता पान घेऊन अंगणात गेलो आणि बाण उत्तरेला करून जमिनीवर बसवलं. माझी सावली उजवीकडे पडली. पानावरच्या सगळ्या सावल्यासुद्धा उजवीकडे. पूर्वेला. म्हणजे सकाळ नाही, मावळतीकडे चाललेला दिवस आहे. आणि दुपारनंतर सावली आखूड होत नाही, लांबत जाते.

मग बोट उजवीकडून ठेवलं, डोमाजीच्या उर्दू शाळेत ठेवत तसं. पाच, चार, तीन, दोन, एक. लोकांनी चुनेवाल्याला खुर्चीत बसवलंय. तो उठतो. पायऱ्या उतरतो. पांढरं मुंडासं गर्दीत जातं. खुर्ची रिकामी. भोंग्याची वेळ होऊन गेली आहे, सावल्या रेषा ओलांडून एकमेकींत मिसळल्या आहेत — आणि अख्ख्या चौकात कोणी खाली बसलेलं नाही.